बंद पोर्टवरून आलेला फोन

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या मागून पैंजण वाजतात... मी बायकोला ते मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर प्रत्येक अनुभवातला "फॉल्ट" शोधून द्यायचो. माझा धंदाच तो आहे, फॉल्ट शोधणं. देव मानतो, शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो, पण भूतबीत असलं काही डोक्यात कधी शिरलं नाही. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. तुमच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

मी राहायला नाते गावात. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेली नऊ वर्षं नेटवर्कचं काम बघतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. माझं काम थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑफिसातले कॉम्प्युटर, कॅमेरे, टेबलावरचे फोन या सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्याला स्विच म्हणतात. वायर खोचायची जी भोकं असतात ती पोर्ट. आमच्या सर्व्हर रूममध्ये चोवीस पोर्टचा मोठा स्विच आहे. वायर जिवंत असेल तर पोर्टवरचा दिवा लुकलुकतो, वायर काढली की विझतो. यापलीकडे काही कळलं नाही तरी चालेल.

ही नोकरी मला लावून दिली रघूमामाने. माझा सख्खा मामा, आईच्या पाठचा. पोलादपूरच्या वर डोंगरात आमच्या आजोळची वाडी आहे, तिथला. कंपनीला पाणी सावित्रीतून येतं आणि नदीकाठच्या पंप हाउसवर मामा ऑपरेटर होता. पंप हाउस कंपनीच्या गेटापासून दीडेक किलोमीटर, खाली खोलगटात. तिथे मोबाइलला रेंज नाही. पत्र्यावर चढा नाहीतर नदीत उतरा, नाही म्हणजे नाही. आमच्या नेटवर्कवर चालणारा एक फोन, एवढाच त्या जागेचा जगाशी संबंध. एक कॅमेरा आहे, पण तो नदीची पातळी दाखवणाऱ्या खांबाकडे तोंड करून बसवलाय. आतलं काही दिसत नाही.

सुरुवातीला तिथे एकच फायबर गेलेली होती. ती वर्षातून दोनदा तरी तुटायची. कधी जेसीबीवाला तोडायचा, कधी उंदीर. मग मामा दिवस दिवस तिकडे एकटा. मी साहेबांच्या मागे लागून दुसरी फायबर वेगळ्या वाटेने टाकून घेतली, आणि स्विचवर तेवीस आणि चोवीस हे दोन पोर्ट एकत्र बांधले. असं बांधलं की स्विच दोन्ही वायरींना एकच वायर समजतो. दोन्ही चालू असल्या तर काम वाटून घेतात, एक तुटली तर दुसरी निमूट सगळा भार उचलते.

मामा तेव्हा माझ्यामागे कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"एक वायर हाय ना रे? मग दुसरी कशाला?"

"एक तुटली तर दुसरी चालेल, मामा."

"म्हंजे बैलजोडी."

"बैलजोडीतला एक बसला की दुसऱ्यालाही बसावं लागतं. ही तशी नाही."

"मग तुजी वायर आमच्या बैलांपेक्षा शानी म्हनायची." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसला. पुढे चारचौघांत माझी ओळख करून देताना तो सांगायचा, "माज्या भाच्यान माज्यासाठी दोन वायरी टाकल्यान. आता मी काय एकटा पडत नाय."

हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

मामाकडून मी एक गोष्ट शिकलो होतो. पाणी सोडायच्या आधी तो पंप हाउसच्या दारात उभा राहून तीनदा हाळी द्यायचा. खाली कोणी बाई कपडे धुवत असेल, गुरं उतरली असतील, म्हणून. गेली पंचवीस वर्षं. समोर चिटपाखरू नसलं तरी देणारच. "दिसत नाय म्हनून मानूस नाय असा नसतो," म्हणायचा. तीच पद्धत मी माझ्या कामाला लावून घेतली होती. कोणतीही वायर काढायच्या आधी पलीकडच्या टोकाला एक फोन करायचा, "काढतोय हो" म्हणून सांगायचं, मगच हात लावायचा. मला कामावर कोणी कधी नावं ठेवली नाहीत ती या सवयीमुळे.

आता तो दिवस. शिमग्याची सुट्टी म्हणून प्लांट दोन दिवस बंद होता, पण हेड ऑफिसचं ऑडिट लागल्यामुळे ऑफिस चालू. दुपारी तीनला मुंबईशी व्हिडिओ मीटिंग. आणि नेमकं सकाळपासून नेटवर्क रडत होतं. दोन मिनिटं चाले, पाच मिनिटं अडके. देशमुख साहेब दर अर्ध्या तासाने वरून येऊन दारात उभे राहायचे. चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांची मान अडकलेली.

मला संशय पंप हाउसच्या कॅमेऱ्याचा. दिवसभर नदीचं चित्र पाठवत बसणारा तो, तोच काहीतरी घाण करत असणार, असं माझं मत झालं. खात्री करायला मी मिररिंग लावलं. म्हणजे एखाद्या पोर्टवरून जे काही ये-जा करतं त्याची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घ्यायची आणि तिथे लॅपटॉप लावून वाचायची. तेवीस-चोवीसवरून काय येतं-जातं ते सगळं माझ्या लॅपटॉपवर उमटायला लागलं आणि फाइलमध्ये साठायला लागलं.

त्यात काही वावगं दिसेना. तेव्हा मी ठरवलं, दोन्ही वायरी काढूनच बघू.

इथे मी फोन करायला हवा होता. केला नाही. रजेच्या वहीत मामाची दोन दिवसांची रजा मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, पंप हाउसपुढे "बंद" लिहिलेलं होतं. रिकाम्या खोलीत कोणाला सांगायचं?

खरं तर मला कळायला हवं होतं. आदल्या संध्याकाळी मामाचाच फोन आला होता. "उद्या येऊ नको रे, परवा ये. गावात मयत झालीय, पालखी एक दिस पुडं गेली." मी बरं म्हटलं. पालखी पुढे गेली म्हणजे मामाचा तो दिवस मोकळा, आणि मोकळ्या दिवशी मामा घरात बसत नाही, हे सगळ्या वाडीला माहीत. पंपाची गळती काढायची तर पंप बंद असतानाच काढता येते. तो सकाळच्या एसटीने खाली उतरला आणि परस्पर पंप हाउसवर गेला. गेटावर यायचं कारणच नव्हतं. मामीला सांगून गेला होता. मला त्याने पालखीचं सांगितलं होतं, आणि मी दोन नि दोन चार केले नाहीत.

एक पन्नासला मी दोन्ही पॅचकॉर्ड, म्हणजे पोर्टमध्ये खोचलेल्या छोट्या वायरी, काढल्या. तेवीसची आणि चोवीसची. पोर्टांना धूळ जाऊ नये म्हणून काळी रबरी बुचं लावली, कॉर्ड गुंडाळून टेबलावर ठेवल्या. दोन्ही दिवे विझले. आणि नेटवर्क सुधारलं! मी खूश. जेवणाची सुट्टी होती, माणसं जागेवर नव्हती म्हणून ते सुधारलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. (खरा फॉल्ट दुसऱ्या दिवशी सापडला. वरच्या मजल्यावर कोणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच छोट्या डब्यात खोचून ठेवली होती. पंप हाउसचा काडीचा संबंध नव्हता.) मी साहेबांना सांगायला वर गेलो, तिथे चहा झाला, मीटिंगचा प्रोजेक्टर लावून दिला. लॅपटॉप खाली चालूच ठेवला होता. बंद पोर्टची नक्कल म्हणजे कोरी पाटी, पण साहेबांना दाखवायला पुरावा होईल म्हणून राहू दिली.

खाली आलो तेव्हा पावणेतीन होत आले होते. खुर्चीत बसतो तोच टेबलावरचा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव — पंप हाउस.

आधी मी लॅपटॉपकडे बघितलं. कोऱ्या पाटीवर ओळी उमटत होत्या. एकामागून एक, पंप हाउसच्या फोनचा पत्ता, माझ्या फोनचा पत्ता, कॉल येतोय, वाजतोय... मग स्विचकडे बघितलं. तेवीस, चोवीस — दोन्ही दिवे विझलेले. बुचं जागच्या जागी. दोन्ही कॉर्ड माझ्या कोपराजवळ गुंडाळलेल्या. त्यांतल्या एकीवर मी हात ठेवला. ती तिथे होती.

फोन वाजत होता.

तुम्ही म्हणाल, उचलायचा ना. चारशे वेळा मी स्वतःला तेच म्हटलंय. पण त्या क्षणी माझ्या मनात भीती नव्हती, मामाही नव्हता. डोक्यात एवढंच होतं की हे होऊ शकत नाही. नऊ वर्षांचा अनुभव, सर्टिफिकेटं, सगळं सांगत होतं की वायर नाही तर कॉल नाही. म्हणजे हा कॉल खोटा. स्विचच्या पोटात काहीतरी जुनं अडकलंय, तेच फिरून फिरून येतंय, आणि कदाचित हाच सकाळपासूनचा फॉल्ट! आम्ही धंद्यातली माणसं असल्या नोंदींना गमतीने भूतच म्हणतो. मी चक्क हसलो. "सापडलास," असं म्हणालोसुद्धा. वर मीटिंग सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

मी कमांड दिली आणि तेवीस-चोवीसची ती बांधलेली जोडी बंद केली.

फोन अर्ध्या रिंगमध्ये थांबला. लॅपटॉपवरच्या ओळी थांबल्या. मला बरं वाटलं. काम फत्ते झाल्यावर वाटतं तसं बरं वाटलं... ही गोष्ट मी कोणालाही सांगू शकलेलो नाही.

वरची बहुतेक माणसं मीटिंगलाच बसली होती, त्यामुळे ती नीट पार पडली. साहेबांनी पाठीवर थाप मारली. साडेचारनंतर मी निवांतपणे बुचं काढली, कॉर्ड खोचल्या, पोर्ट चालू केले. दोन्ही दिवे लागले, नदीचं चित्र आलं. सवयीने तपासायला म्हणून पंप हाउसला फोन लावला. एंगेज.

रिकाम्या खोलीतला फोन एंगेज कसा असेल? तिथे कोणीतरी रिसीव्हर उचलून ठेवला असेल तरच. त्या एका टोनने सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. पालखी, परवा ये, मोकळा दिवस. मी बाइक काढली. ते दीड किलोमीटर कसे गेलो ते आठवत नाही.

मामा भिंतीला टेकून बसला होता. पायांशी नट खोलायचे पाने, ग्रीसचा डबा. रिसीव्हर मांडीवर, त्याच्यावर हात. अंग अजून गरम होतं, म्हणून मी वेड्यासारखा हाका मारत राहिलो. कंपनीची जीप बोलावली, महाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन फार वेळ झालेला नाही, हार्टचंच आहे. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आले असते."

माझ्याकडे तासभर नव्हता, दोन तास होते.

पुढचे आठ दिवस मी फॉल्ट शोधत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. स्विचमध्ये सगळ्या घटनांची नोंद असते. ती सांगते, तेवीस आणि चोवीस एक पन्नासपासून चार पस्तीसपर्यंत सलग मेलेले, मध्ये एक सेकंदही जिवंत नाहीत. पंप हाउसमध्ये जो छोटा स्विच आहे त्याचीही नोंद तीच. आणि लॅपटॉपवरची फाइल सांगते की त्याच वेळात त्याच पोर्टांवरून कॉल आले. एक नाही, तीन. पहिले दोन मी वर चहा पीत होतो तेव्हाचे, पूर्ण वाजून थांबलेले. तिसरा मी तोडलेला.

मग मी पंप हाउसमधला फोन उघडून त्याची मेमरी बघितली. लाइन नसताना त्या फोनवर नंबर फिरवला तर तो टूं-टूं करतो आणि काही नोंदच ठेवत नाही. हे मी नंतर दहा वेळा करून बघितलं. पण त्याच्यात तीन नोंदी होत्या. दोन — उत्तर नाही. तिसरी — पलीकडून बंद केला.

पुण्यात माझा एक मित्र आहे, या विषयात माझ्यापेक्षा खूप पुढे गेलेला. त्याला फाइल पाठवली, मामाचं काही सांगितलं नाही. त्याने दोन दिवस डोकं घातलं. म्हणाला, लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असेल. पण माझ्या टेबलावरच्या फोनचं घड्याळही तीच वेळ दाखवत होतं, आणि मी स्वतः तिथे बसलो होतो. म्हणाला, तिसरी एखादी वायर असेल. मी दोन्ही फायबरची वाट पायी चाललो, एकेक चेंबर उघडून. तिसरी नाही. शेवटी तो म्हणाला, "सोड ना, एवढं काय त्यात?" मी सोडलं असं सांगितलं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. मेलेले पोर्ट मी कमांड देऊन बंद केले, तर त्याने काहीच व्हायला नको होतं. पण कॉल तुटला. म्हणजे तो कुठूनही येत असो, माझ्या हातातून जात होता. कोणत्या शक्तीने, कोणाच्या पुण्याईने, मला ठाऊक नाही. पण नसलेल्या वायरीवरून मामाचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आणून ठेवला होता. फक्त उचलायचं काम माझ्याकडे होतं. वायर काढली ती चूक झाली, तिला माफी आहे असं मी स्वतःला समजावू शकतो. दुसऱ्यांदा तोडलं ते मात्र मी हसत तोडलं.

बारावं झालं त्या दुपारी मामी मागच्या पडवीत एकटी बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो.

"मामी, त्या दिवशी पंप हाउसची लाइन बंद होती. मीच काढली होती. मामा तिथे आहे हे मला माहीत नव्हतं."

 तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला काय सपान पडला व्हता? मलाबी ते सांगून गेले, मी तरी तुला कुठं कळवला? नको जिवाला लावून घेऊ."

मी रडलो. खूप रडलो. तिनेच मला पाणी आणून दिलं. ज्या बाईचं कुंकू पुसलं गेलं तीच मला समजावत होती. मी डोळे पुसून पुढचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली —

"हातात फोन व्हता म्हनं त्यांच्या. तुलाच लावत असतील. पन लाइनच बंद, तर लागला नसंल ना रे?"

"नाही, मामी."

"बरा झाला एका अर्थी." तिने पदराने तोंड पुसलं. "लागला असता आनि तू उचलला नसतास, तर जाताना किती वाईट वाटला असता त्यांना."

मी मान हलवली. उठलो, अंगणातल्या चपला घातल्या आणि खाली रस्त्याला लागलो.

याला दोन वर्षं होत आली. दर महिन्याला मी वाडीवर जातो, मामीचं काय हवं-नको ते बघतो. ती माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकट करते. गावात सांगते, भाचा पोरासारखा करतो. त्या फाइलची एक प्रत माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कोणी जाणकार असेल आणि बघायची असेल तर देईन. काही सापडलं तर मला जरूर कळवा. फोन कसा लागला, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. तो लागला होता, एवढं मामीला सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.